पेन ड्राइव्ह काढून बघितला का?

२० तारखेला सकाळी साडेआठला मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं, पंखा घूंऽऽ करून फिरला, लोगो आला, गेला, आणि मग काळ्याकुट्ट स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीकशी पांढरी रेघ लुकलुकायला लागली. बस्स. पुढे काही नाही. एरर नाही, पिप्प नाही, साधं सॉरी नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, २० तारीख म्हणजे जीएसटीची थ्री-बी, म्हणजे महिन्याचा रिटर्न, भरायची शेवटची तारीख. माझं ऑफिस म्हणजे डोंबिवलीतल्या आमच्या हॉलचा एक कोपरा, माझ्याकडे अकरा दुकानदारांची कामं, त्यातल्या सात जणांनी बिलं १९ च्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आडवे फोटो काढून पाठवलेली, आणि ही रेघ.

नवरा बूट घालता घालता म्हणाला, "अगं बंद करून परत चालू कर ना." केलं. रेघ. खालच्या मजल्यावरचे काका पेपर द्यायला आले होते ते म्हणाले, "अर्थिंग बघून घ्या, आमचा गीझर असाच करायचा." गीझर आणि रेघ यांचा संबंध मी विचारला नाही. मग हार्डवेअरवाल्या पोराला फोन लावला तर त्याने मशीन न बघताच निकाल दिला, "मॅडम विंडोज उडाली असणार, फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाईल पण मशीन एकदम मख्खन होईल." डेटा जाईल हे तो अशा सुरात म्हणाला की जसं न्हावी म्हणतो, केस जातील.

शेवटी संतापाने मी सगळ्या वायरी उपटल्या, प्रिंटर, डिजिटल सिग्नेचरचं टोकन, फोनची केबल, जे हाताला लागेल ते, आणि बटण दाबलं तर बया गपगुमान सुरू झाली. कशामुळे, ते विचारायला वेळ नव्हता. रात्री अकरा वाजता शेवटचा रिटर्न गेला.

पण पुढच्या आठवड्यात परत तेच. मग माझ्यातली हिशेबनीस जागी झाली, एक जुनी डायरी घेतली, रकाने आखले, तारीख, वेळ, निकाल, शेरा. सोमवार रेघ, मंगळवार रेघ, बुधवार रेघ, गुरुवार रेघ, शुक्रवार चालू. शनिवारी पुन्हा रेघ. पुढच्या आठवड्यात हुबेहूब तेच, फक्त शुक्रवारी सकाळी एका दमात सुरू. नवऱ्याला दाखवलं तर म्हणे, आई गुरुवारी संध्याकाळी मठात जाते ना, त्याचं पुण्य. मी त्याच्याकडे बघितलं आणि गप्प बसले, कारण गंमत म्हणजे तो अर्धा बरोबर निघाला.

झालं असं की शनिवारी मी रेघेकडे बघत बसलेले असताना सहज खाली नजर गेली तर कॅबिनेटच्या पुढच्या भोकात एक लाल पेन ड्राइव्ह, आणि त्याचाही दिवा पेटलेला. सासूबाईंचा हरिपाठाचा. त्या रोज रात्री जेवणं झाली की माझ्या स्पीकरवर हरिपाठ ऐकतात आणि पेन ड्राइव्ह तिथेच ठेवून झोपायला जातात. गुरुवारी मठातून यायला उशीर होतो, त्या दिवशी ऐकत नाहीत, म्हणून शुक्रवारी मशीन चालू! मी पेन ड्राइव्ह काढला, बटण दाबलं, सुरू. परत घातला, रेघ. परत काढला, सुरू. चार वेळा केलं. नुसती मजा म्हणून.

नंतर वाचून काढलं तेव्हा खरा प्रकार कळला. बटण दाबल्यावर विंडोज लगेच येतच नाही, आधी बायोस, म्हणजे मशीनच्या आतच बसवलेला एक छोटा प्रोग्राम, उठतो आणि त्याच्याकडे एक यादी असते, आधी कुठे बघायचं, मग कुठे. माझ्या मशीनच्या यादीत पहिला नंबर यूएसबीचा. म्हणजे रोज सकाळी तो बिचारा पेन ड्राइव्हपाशी जाऊन विचारत होता, तुझ्यात विंडोज आहे का? आता नाही म्हणाला असता तर पुढच्या नंबरवर, हार्ड डिस्कवर, गेला असता. पण आमच्या जुन्या पद्धतीच्या बायोसची तपासणी कसली, तर ड्राइव्हच्या पहिल्या ५१२ बाइट्स वाचायच्या आणि शेवटच्या दोन बाइट्स ५५ आणि एए आहेत का एवढंच बघायचं. ते असले की मामला पक्का. आणि नुसता फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवरसुद्धा बहुतेक वेळा हा शिक्का असतोच. म्हणजे कोऱ्या लेटरहेडवर नुसता रबरी शिक्का मारलेला बघून कुणी सगळा कारभार हातात द्यावा तसं. त्याने दिला, हरिपाठाला विंडोज चालवता येत नव्हती, दोघंही गप्प बसले. माझ्याकडे असे कागद घेऊन येणारे दोन दुकानदार आहेत त्यामुळे मला बायोसची दया आली.

यादी बदलायची तर बायोसमध्ये शिरावं लागतं, आणि त्यासाठी मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबायचं (माझ्याकडे डिलीट), तेही लोगो दिसतो त्या दीडदोन सेकंदात. सकाळी ८ ची फास्ट पकडण्यासारखं आहे ते, दोनदा सुटली, तिसऱ्यांदा लटकले. आत गेल्यावर निळी स्क्रीन, माउस चालत नाही, सगळं बाणांच्या कीवर. यूएसबी खाली ढकललं, हार्ड डिस्क वर आणली, एफ१० दाबून सेव्ह. पेन ड्राइव्ह आत असताना मशीन सुरू झालं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

पण यूएसबी पहिल्या नंबरवर आली कशी? आठवलं. गेल्या वर्षी त्याच हार्डवेअरवाल्याने पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकली होती. त्याला फोन करून सांगितलं तर जराही न लाजता म्हणाला, "हो मॅडम, मी सगळ्यांचं तसंच ठेवतो, पुढच्या फॉरमॅटला बरं पडतं."

इथे लेख संपला असता, पण दुसरी भानगड बाकी होती. माझी एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क, तिच्यावर सगळ्यांच्या टॅलीचे, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे, बॅकअप, ती सकाळी मशीन सुरू झालं की दिसायचीच नाही. दिवा पेटलेला, पण धिस पीसीमध्ये पत्ता नाही. केबल काढून परत घातली की दिसायची. घालणंही सोपं नाही, ते टोक पहिल्यांदा उलटं असतं, फिरवलं की परत उलटं, मग तिसऱ्यांदा जातं. यूएसबी घडवणाऱ्या इंटेलच्या टीममधले अजय भट्ट बडोद्याला शिकलेले, सयाजीरावांच्या नावाच्या युनिव्हर्सिटीत, म्हणजे तसे आपलेच, म्हणून मी काही बोलत नाही. आता एवढं १९९६ पासून आम्ही सहन करतोय, चालायचंच.

तर डिस्क. डायरीत नवा रकाना. आणि दोन दिवसांत एक भयंकर गोष्ट लक्षात आली, शट डाऊन करून सकाळी चालू केलं तर डिस्क दिसत नाही, पण रीस्टार्ट केलं तर दिसते! मला वाटायचं दोन्ही एकच. तर नाही. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे, त्यात शट डाऊन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची आहे ती स्थिती डिस्कवर लिहून ठेवतात आणि सकाळी तीच परत उचलतात, म्हणून मशीन पटकन उठतं. रीस्टार्ट केलं तर मात्र सगळं पहिल्यापासून. म्हणजे माझ्या भाषेत, शट डाऊन म्हणजे कालचीच वही पुढे ओढणं आणि रीस्टार्ट म्हणजे वहीपूजन करून नवीन वही. कालच्या वहीत डिस्कची नोंद अर्धवट असली तर आज कुठून दिसणार? आणि जन्मभर ज्याला त्याला "बंद करून चालू कर" सांगणारा माझा नवरा अशा रीतीने तांत्रिकदृष्ट्या चुकीचा ठरला, हे मी त्याला जेवताना दोनदा सांगितलं.

ती सोय बंद करायची तर कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथून पॉवर बटणाची सेटिंग्ज, आणि तिथली टिक फिकट राखाडी असते, दाबलीच जात नाही, आधी वरची "सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग्ज बदला" अशा अर्थाची ओळ दाबावी लागते. उपलब्ध नाही तर बदलू कशी, असं माझ्या मनात आलंच, पण दाबली, टिक काढली.

डिस्क आता दिसायला लागली, पण रोज नाही. मधेच टक, टक, टक असा आवाज यायचा आणि गायब. तो आवाज मी आधी पालीचा समजून झाडूने कपाटामागे ढोसून आले होते. मनात पाल चुकचुकणं म्हणतात ते इथे खरंच, फक्त पाल डिस्कमध्ये. तबकडी फिरायला सुरुवात होते त्या क्षणी तिला सगळ्यात जास्त करंट लागतो, तो पुरला नाही की ती फिरते, थांबते, परत प्रयत्न करते, त्याचाच तो टकटकाट. आणि मी तिला लावलं कुठे होतं? पुढच्या पोर्टला अडकवलेल्या चार तोंडांच्या स्वस्तातल्या हबवर. यूएसबी २ चं एक पोर्ट द्यायला बांधील आहे ५०० मिलिअ‍ॅम्पियर, त्यात हबवर डिस्क, सिग्नेचरचं टोकन, लेकाचा चार्जिंगला लावलेला फोन आणि मेमध्ये घेतलेला छोटा पंखा. चाळीतल्या एका नळावर चार बिऱ्हाडं, आणि सकाळी सगळ्यांना एकदम पाणी हवं.

मग मी टेबल ओढलं. कॅबिनेटच्या मागे जे काही सापडलं त्याबद्दल इथे लिहीत नाही, फक्त एवढंच की हरवलेली एक रबरी पट्टी आणि २०२१ ची एक भाजीची यादी मिळाली. मागची पोर्ट्स थेट मदरबोर्डवर असतात, पुढच्यासारखी आतून लांब वायर नाही, आणि त्यातली दोन आतून निळी, म्हणजे यूएसबी ३, तिथे ९०० मिलिअ‍ॅम्पियर. डिस्क निळ्यात लावली, फोनला भिंतीवरचा चार्जर दिला, पंख्याची हकालपट्टी केली. टकटक थांबली. या महिन्याची २० तारीख दुपारी तीनलाच आटोपली.

सासूबाईंना मी सांगितलं की आई, आता पेन ड्राइव्ह रात्रभर राहिला तरी चालेल, मी यादी बदललीय. त्या म्हणाल्या, "नको गं, तुझ्या कामात हरिपाठाची आडकाठी नको." तेव्हापासून ऐकून झालं की त्या आठवणीने तो काढतात आणि देवघरात निरंजनाशेजारी नेऊन ठेवतात. काल बघितलं तर त्याच्या टोपणावर हळदीकुंकवाचं बोट लावलेलं होतं.