गिऱ्हाईक निघालंय हे कसं ओळखावं?

रेंज नाही म्हणून तक्रार केली की ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा मेसेज. आणि १९०० वर पोर्टचा एसएमएस गेला रे गेला की फोन: ‘सर, फक्त तुमच्यासाठी खास ऑफर!’ एका मोबाइल कंपनीच्या चर्न मॉडेलने, म्हणजे कोणतं गिऱ्हाईक सोडून जाणार याचा अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रॅमने, गेल्याच आठवड्यात मला असं ‘ओळखलं’. तुम्हालाही असलं मॉडेल बनवायचं असेल, तर घ्या कृती.

‘गेला’ कोणाला म्हणायचं ते ठरवू नका. रिचार्ज न करता ३० दिवस झाले की गेला, असं तुम्ही धरा. मार्केटिंग ९० धरेल.

साहेबांना अ‍ॅक्युरसी दाखवा. महिन्याला शंभरातले दोन जात असतील, तर ‘कोणीच जाणार नाही’ म्हणणारं मॉडेलही ९८ टक्के बरोबर! मॉडेलने सर्वात धोक्याच्या ठरवलेल्या वरच्या दहा टक्क्यांच्या यादीत खरे जाणारे किती सापडले, असं कोणी विचारलंच तर चहा मागवा.

फीचरमध्ये, म्हणजे अंदाजासाठी मॉडेलला दिलेल्या माहितीत, १९०० चा एसएमएस आवर्जून घाला. यूपीसी, म्हणजे पोर्टिंगचा कोड, आलेला, त्याची चार दिवसांची मुदत सुरू, माणूस दुसऱ्या कंपनीच्या दुकानात केवायसीला उभा, आणि मॉडेल सांगतंय, जाण्याची शक्यता ०.९७! अहो, हे भाकीत नव्हे, श्रद्धांजली आहे. फीचर मोजल्याची तारीख आणि माणूस गेल्याची तारीख यांत निदान महिनाभराचं अंतर हवं, नाहीतर कारवाईला वेळ कुठून मिळणार? चाचणीही नंतरच्या महिन्यांच्या डेटावर घ्यायची, सगळ्या ओळी सरमिसळ करून नाही. पण तसं केलं की एयूसी, म्हणजे जाणारे आणि राहणारे वेगळे ओळखण्याचा गुण, धाडकन खाली येतो, आणि पडलेल्या आकड्याची स्लाइड मीटिंगमध्ये लावणार कोण?

यादीतल्या सगळ्यांना फोन लावा. निमूटपणे रिचार्ज करणाऱ्यालाही ‘आम्हाला सोडताय का?’ विचारून दुसरे प्लॅन बघायला लावा.

फोन न केलेला कंट्रोल गट ठेवू नका. फोनचा उपयोग झाला की नाही ते कळेल, उगाच.

बास. कॉल ड्रॉप वाढले, डेटाचा वापर निम्म्यावर आला, एकच तक्रार पुन्हा पुन्हा नोंदली गेली, हे सगळं महिनाभर आधीपासून तुमच्याच सर्व्हरवर पडून असतं. ते बघायला एक्सजीबूस्टसारखं मशीन लर्निंगचं अवजार कशाला लागतं? टॉवर दुरुस्त करा. आणि न सोडवलेली तक्रार ‘सोडवली’ म्हणून बंद करणाऱ्याचा इन्सेंटिव्ह आधी थांबवा. तोच शेरा तुमच्या मॉडेलमध्ये ‘समाधानी ग्राहक’ म्हणून शिरतो, शहाण्यांनो!