बिघडलेली ट्यूब नीट बनवताना

ॲनिमेशन करताना पडद्यावर चांगला दिवा लावणं फार सोपं. एक फिकट थर, वर थोडा ग्लो, झाला उजेड. खरा घाम निघतो तो बिघडलेला दिवा लावताना. क्लायंट मात्र एका ओळीत मोकळा होतो: 'जुनी ट्यूब फडफडते, मग आमचा लोगो दिसतो.'

आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी 'विगल' नावाचं एक्स्प्रेशन, म्हणजे छोटंसं सूत्र, आहे. कंसात दोन आकडे द्यायचे: सेकंदाला किती वेळा हलायचं आणि किती हलायचं. ते ऑपॅसिटीला, म्हणजे थर किती ठळक दिसावा त्या आकड्याला, चिकटवलं की उजेड कमीजास्त होऊ लागतो. पण विगलचा स्वभाव गुळगुळीत. एका आकड्यावरून दुसऱ्यावर ते अलगद सरकतं. त्यामुळे ट्यूब मरायला टेकलीय असं वाटतच नाही. दुपारचं पोटभर जेवलेलं बाळ झोपेत श्वास घेतंय असं वाटतं. मग होल्ड कीफ्रेम (कुठल्या क्षणी किती उजेड, याच्या खुणा) टाकायच्या, म्हणजे उजेड सरकणार नाही, उडी मारेल. उडी मारतोही, पण सतत. ट्यूबला दम म्हणून नाही.

म्हणून मी खऱ्या ट्यूबचं दुखणं समजून घ्यायला बसलो. स्टार्टरमधली दुहेरी धातूची पट्टी तापून वाकते आणि जोड लागतो. तेवढ्यात ट्यूबची दोन्ही टोकं तांबूस होतात. पट्टी निवली की जोड सुटतो, त्या क्षणी चोक (पट्टीतली तारेची गुंडाळी) विजेचा एक जोराचा झटका देतो आणि ट्यूब पेटते. किंवा पेटत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे हा नुसता चालू-बंदचा खेळ नाही. तयारी, प्रयत्न, नापास, विश्रांती आणि पुरवणी परीक्षा असा पूर्ण शैक्षणिक कार्यक्रम आहे. (५० हर्ट्झच्या विजेवर चोकवाली धडधाकट ट्यूबसुद्धा सेकंदाला १०० वेळा मंदावते. ते कुणाच्या नजरेत येत नाही, त्यामुळे त्याचं बिलही लावता येत नाही.)

या बाबतीत मला सगळ्यात शहाणे वाटले ते १९९६ च्या 'क्वेक' या कॉम्प्युटर गेमचे प्रोग्रामर. त्यांनी दिव्याची फडफड चक्क इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवली. 'ए' म्हणजे अंधार, 'एम' म्हणजे नेहमीचा उजेड, 'झेड' म्हणजे दुप्पट. दर अक्षराला सेकंदाचा दहावा भाग. त्यातल्या एका फडफडीत २३ अक्षरं आहेत, बहुतेक 'एम', मध्येच 'एन' किंवा 'ओ', आणि एकच 'क्यू'. तो एकटा 'क्यू' म्हणजे कलाकारी! 'हाफ-लाइफ' या गेमनेही तीच ओळ घेतली आणि २०२० च्या 'हाफ-लाइफ: ॲलिक्स'मध्येही दिवे त्याच तालावर लुकलुकतात. चोवीस वर्षं एक दिवा बिघडलेला, आणि कुणी बदलायला तयार नाही.

मीही मग विगलच्या आपोआप येतील त्या आकड्यांवरचा विश्वास सोडला आणि हाताने कीफ्रेम मांडल्या. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. एका फ्रेमचा अंधार म्हणजे ट्यूबची उचकी, तीन फ्रेमचा अंधार म्हणजे घेरी. टोकांचा तांबूस रंग वेगळ्या थरावर. भिंतीवरचा उजेडही त्याच क्षणी विझायला हवा, नाहीतर ट्यूब गेली तरी भिंत आपली उजळ तोंडाने उभी.

त्यात डोळ्यांची काळजी. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागातल्या लाल-निळ्या झगमगाटामुळे सहाशेहून अधिक मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. वेबसाठीची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, मोठे झगमगाट सेकंदाला तीनपेक्षा जास्त नकोत. त्यामुळे मोठ्या उड्या मोजून आणि बाकीचं सगळं बारीक थरथरीवर. हा नियम मला मनापासून पटतो, आणि गंमत म्हणजे ट्यूबही त्याने जास्त खरी दिसते.

इतकं करून फाइल पाठवली. क्लायंटचा फोन आला. "व्हिडिओत काहीतरी गडबड आहे हो. मध्येमध्ये दिसायचं बंद होतं."

मी म्हटलं, "ती ट्यूब फडफडतेय."

"हां हां, ते छानच झालंय. अगदी खरं वाटतं. फक्त एक करा, ती फडफडते तेव्हा लोगो दिसत नाही ना, तेवढा वेळ लाइट चालूच ठेवा."

मी ठेवला. त्याच दिवशी पैसे आले.