गरमी माझी की नागपूरची?

मे महिन्यात नागपुरातल्या बाईनं 'मला एकदम गरम होतंय' म्हणणं म्हणजे भर पुरात उभं राहून मोरीतला नळ गळतोय अशी तक्रार करणं. कोणी मान वर करून बघतसुद्धा नाही. मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ह्यांनी पेपर खाली न ठेवता सांगितलं, "आज ४५ आहे."

"अहो, बाहेरचं नाही. आतलं."

"आत ४० असेल मग. कूलर चालू आहे ना."

शेजारच्या काकूंना गॅलरीतून सांगून पाहिलं. त्या ओले कपडे झटकता झटकता म्हणाल्या, "गरमी तर सगळ्यालेच होऊन राहिली ना बाप्पा! तुले काय येगळी होते?"

होते ना, वेगळीच होते. मी निवांत बसलेली असते, कोणाच्या अध्यात ना मध्यात. अचानक छातीच्या मध्यावर कोणीतरी काडी ओढतं. ती धग मानेवरून गालावर आणि गालांवरून कानात चढते. कानाच्या पाळ्या तव्यावर टाकलेल्या पापडासारख्या होतात, केसांच्या मुळातून घामाची धार लागते. तीन-चार मिनिटांत सगळं ओसरतं आणि लगेच अंगावर काटा येतो. मग शाल लागते. ४५ अंशात शाल मागणाऱ्या बाईकडे घरची माणसं कशी बघतात, ते राहू द्या.

त्यातून मी गणिताची शिक्षिका. मे महिना सुट्टीचा, म्हणजे चोवीस तास घरी. आणि आमच्या घरी कूलरपुढची जागा ज्येष्ठतेनुसार मिळते. वाळ्याच्या ताटीतून येणारा तो पहिला गार, ओला झोत सासूबाईंचा, उरलेला ह्यांचा, त्यातून जी काही दमट झुळूक पलीकडे पोचेल ती माझी. रात्री दोन वाजता मी उठून कूलर स्वतःकडे वळवायची. अडीचला ह्यांना गरम झालं की ते परत वळवायचे. पावणेतीनला मला थंडी वाजायची, तेव्हा मात्र तो बरोब्बर माझ्या तोंडावर असायचा. आठवडाभर हा खेळ चालला आणि कूलरच्या पायाचं एक चाक निखळलं.

शेवटी धंतोलीत डॉक्टरीणबाईंकडे गेले. (नागपुरात आजार कुठलाही असो, रस्ता धंतोलीला जातो आणि गाडी लावायला जागा मिळत नाही.) बाई शांत होत्या. म्हणाल्या, भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे, तुम्ही ४८च्या, म्हणजे सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललंय. मेंदूत हायपोथॅलॅमस म्हणून एक भाग असतो, तो शरीराचा थर्मोस्टॅट. इस्ट्रोजेन वरखाली व्हायला लागलं की तो फार हळवा होतो. तापमानात जरासा फरक पडला तरी 'आग लागली' म्हणून बोंब ठोकतो. मग कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम फुटतो, आणि नको असताना अंग गार केलं जातं.

मला एकदम ३० मे २०२४ आठवला. त्या दिवशी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते आणि देशभर बातमी झाली होती. नंतर कळलं, सेन्सर बिघडला होता. म्हणजे माझंही तसंच. हवामान ठीक आहे, सेन्सर गेलाय.

"पण पाळी गेली असं कधी म्हणायचं?" मी विचारलं.

"सलग १२ महिने आली नाही की."

हे ऐकायला सोपं आहे. करायला ती सापशिडी आहे. मी अकराव्या महिन्यापर्यंत चढले होते, कॅलेंडरवर खुणा करत, मनातल्या मनात पेढेसुद्धा वाटून झाले होते. अठ्ठ्याण्णवच्या घरात साप असतो तसा तो अकराव्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी बसला होता. परत एकपासून. पण एकदा ते बारा महिने पूर्ण झाले आणि नंतर थेंबभरही रक्त दिसलं, तर मात्र घरगुती काही करत बसायचं नाही, सरळ इकडे यायचं, असं बाईंनी बजावलं. त्या एका वाक्याला त्या हसल्या नाहीत.

फारच असह्य झालं तर हार्मोनच्या गोळ्या आहेत, त्यांच्याइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही, पण त्या सगळ्यांना चालत नाहीत, तपासून ठरवू, असंही म्हणाल्या. आणि निघताना म्हणाल्या, "तोवर जरा खाण्यापिण्याकडे बघा."

हे शेवटचं वाक्य मी घरी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरावर बायकांची धाड पडली. सासूबाईंनी गुलकंद, सब्जा आणि धण्याचं पाणी काढलं. उमरेडच्या वहिनींनी फोन केला, "ताई, जवस खा. घरचाच आहे, पाठवून देतो." पुण्याच्या बहिणीनं नाचणी सांगितली. काकूंनी शतावरी कल्पाचा डबाच आणून दिला. जाऊबाई म्हणाल्या, सोयाबीन.

सोयाबीन! माझ्या भावाच्या शेतात पिढी झाली सोयाबीन पिकतंय. आम्ही ते पेरतो, त्यावर पिवळा मोझॅक पडला की रडतो, भाव पडला की परत रडतो, पण ताटात ते कधी येत नाही. ते थेट तेलाच्या कारखान्यात जातं. आता कळलं की त्यात आयसोफ्लेवोन असतात, इस्ट्रोजेनचे लांबचे चुलतभाऊ म्हणा ना. लग्नात दिसतात तसेच, पण काम सांगितलं तर किती करतील याचा नेम नाही. कोणा बाईला फरक पडतो, कोणीला नाही. अभ्यासांचंही एकमत नाही. मी रात्री भिजवून सकाळी चांगलं शिजवून (कच्चं खायचं नसतं) उसळ केली. मला गरम होणं कमी झालं की नाही ते सांगता येत नाही, पण संध्याकाळपर्यंत ह्यांनी कूलर आपणहून माझ्या बाजूला वळवला आणि स्वतः गच्चीवर झोपायला गेले.

जवसाची गोष्ट निराळी. तो आपला. विदर्भातल्या माणसाला जवसाची चटणी शिकवायला लागत नाही. पण जवस अख्खा खाल्ला तर जसा गेला तसाच बाहेर येतो, म्हणून भाजून कुटायला हवा. तर मे महिन्याच्या दुपारी साडेबाराला मी गॅससमोर उभी. लोखंडी कढई तापली. जवस टाकला. आधी काहीच होत नाही, तो तपकिरी, चकचकीत, शांत पडून असतो. मग एक दाणा उडतो. मग तीन. मग कढईत तडतड सुरू होते आणि दाणे गॅसच्या मागे, ओट्यावर, माझ्या ब्लाउजच्या गळ्यात. तेलकट, खमंग वास सुटतो. आच कमी केली तर कच्चा राहतो आणि वाढवली तर कडू होतो, म्हणजे सोडून जायची सोय नाही. नेमकी त्याच वेळी छातीत काडी ओढली गेली. पुढे कढई, आत भट्टी, खिडकीबाहेर नागपूर. तिन्हीकडून मी एकाच वेळी भाजून निघत होते, आणि हे सगळं कशासाठी, तर गार वाटावं म्हणून.

थंडावा देणारी एकही वस्तू थंडपणे तयार होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. कैरी उकडल्याशिवाय पन्हं नाही. नाचणी भाजल्याशिवाय सत्त्व नाही.

एवढं करून झाल्यावर सवयीनं त्या जवसात मूठभर लाल मिरच्या आणि लसूण घालून कुटला. चटणी अप्रतिम झाली. भाकरीबरोबर तीन घास खाल्ले आणि चौथ्याला परत भट्टी पेटली. तिखटानं हे वाढतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं म्हणे. माझ्या लक्षात फक्त जवस राहिला होता.

शतावरी कल्पाच्या डब्यावरचे घटक मी चष्मा लावून वाचले. साखरच जास्त. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "गोड नसंल तर खाशील कशी?" मुद्दा बरोबर होता. फक्त माझी कंबर आधीच तिची वाट चालू लागली होती, तिला कल्पाची गरज नव्हती. डबा मुलानं दुधात घालून आठवड्यात संपवला. त्याची तब्येत सुधारली.

नाचणीला मात्र मी नाव ठेवणार नाही. आमच्याकडे ती कोकणातली पाहुणी, दुकानदारही 'रागी' म्हटल्यावर ओळखतो. पण १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, आणि पाळी गेल्यावर बाईला दिवसाला १२०० लागतं. हाडं पोकळ व्हायला लागतात ती याच वयात, आणि त्याचा घाम येत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. आता भाकरीत एक वाटी नाचणी, डब्यात तीळ, रोज ताक. उरलेल्याची गोळी.

आणि गोळीनं नवीनच पेच आणला. मला थायरॉइडची गोळी आहे, ती पहाटे उपाशीपोटी. तिच्यानंतर चार तास कॅल्शियम नाही. सोयाबीनही तिच्याजवळ फिरकायचं नाही. चहा लोखंडाच्या गोळीला चालत नाही, लोखंड कॅल्शियमला चालत नाही. मी फळ्यावर आखावं तसं वहीत वेळापत्रक आखलं. नागपूर जंक्शनवर गाड्या लागतात त्याहून अवघड झालं. एकदा सगळं नियमाप्रमाणे घेतलं तर माझा चहाच रद्द झाला होता. दुसऱ्या दिवशी लोखंडाला रात्रीच्या गाडीत बसवलं.

त्याच वहीत बाईंच्या सांगण्यावरून भट्टी कधी पेटते ते लिहीत गेले. महिन्याभरात काही नमुने दिसले. दुपारचा तिसरा चहा, उकळता उकळता घेतलेला, याचा नंबर पहिला. दुसरा, पुण्याच्या बहिणीचा फोन. भाच्याच्या वाढदिवसाला सावजीत गेलो होतो, तिथली नोंद मजेशीर आहे: रस्सा, दोन वाट्या, घाम, भरपूर, कोणाच्या लक्षात आलं, कोणाच्याही नाही. कारण टेबलावरचे दहाही जण नाक पुसत, कपाळ टिपत बसले होते. वर्षभरात मी इतकी चारचौघींसारखी कुठेच दिसले नव्हते.

चहा दोनवर आणला, तोही कोमट. सकाळी मेट्रोच्या खालून तासभर चालणं, ऊन चढायच्या आत. उन्हात अडकले तर सरळ मेट्रोत. लोकमान्य नगर ते प्रजापती नगर एसीत बसून जायचं आणि परत यायचं, इतका नैसर्गिक उपाय मला कोणीच सांगितला नव्हता. रात्रीचे झटके सातावरून तीनावर आले. जवसानं, चहानं की नुसतं लिहिल्यानं, देव जाणे. वहीत कारणाचा रकाना मी कोरा सोडलाय.

पण माझी खरी तक्रार राहिलीच होती, की घरात कोणाचा विश्वास नव्हता. तो डिसेंबरात बसला. उमरेडला हुरड्याला गेलो होतो. रात्री पारा ९ वर उतरलेला, शेकोटीभोवती सगळे कानटोप्या, मफलरी, गोधड्या लपेटून बसलेले. सासूबाईंचं फक्त नाक दिसत होतं. गरम हुरडा हातावर चोळून पहिला घास घेतला आणि काडी ओढली गेली. मी शाल फेकली, स्वेटर काढला, हुरड्याच्या पत्रावळीनं वारा घ्यायला लागले. कपाळावरून घाम ओघळत होता. सगळे टक लावून बघत राहिले.

सासूबाई गोधडीतून म्हणाल्या, "माय व! खरंच होते का हे?"

ह्यांनी काहीच म्हटलं नाही. खुर्ची उचलली, शेकोटीपासून लांब घेतली आणि माझ्या अगदी लगत आणून ठेवली. दोन्ही हात माझ्या बाजूला पसरले, जरा चोळले.

"इथं बरं वाटून राहिलं," म्हणाले.