‘झिंगाट’ बेळगावात हिंदीच्या आधीच आलं होतं

‘झिंगाट’ महाराष्ट्राबाहेर पोचलं ते 2018 च्या ‘धडक’ या ‘सैराट’च्या हिंदी अवतारामुळे, हे नुकत्याच वाचलेल्या लेखातलं वाक्य आम्हा बेळगावकरांना पटणारं नाही. ‘सैराट’ 2016 च्या एप्रिलअखेर आला आणि त्याच वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत हे गाणं कपिलेश्वर तलावापर्यंत वाजत होतं. बेळगाव कर्नाटकात आहे, हे लेखक विसरले का? शिवाय 2017 मध्येच ‘मनसु मल्लिगे’ हा ‘सैराट’चा कन्नड अवतार आला होता. नायिका रिंकू राजगुरूच, चालीही अजय-अतुलच्याच. म्हणजे हिंदीच्या वर्षभर आधी.

माझ्या चुलतभावाच्या लग्नाची बेळगावजवळच्या खानापुरातली वरात आठवते. बँजोवाले सगळे कन्नड बोलणारे, मराठीचं एक वाक्य धड येत नव्हतं त्यांना, पण ‘झिंगाट’ तोंडपाठ! आमच्याकडं भाषेवरून किती ताणलं जातं ते वेगळं सांगायला नको. त्या रात्री मात्र आमच्या काकू आणि शेजारच्या कन्नड अक्का हातात हात घालून नाचत होत्या. हे गाणं अजय-अतुल या भावांनीच लिहिलंय आणि गायलंयही. आमच्या सीमाभागात ते मराठीतच गाजलं, कन्नड घरांतसुद्धा. लेखात एवढी दुरुस्ती कराच.