शंभरपैकी शंभर, आणि मोठे बाबा पहिल्याच पानावर

आमच्या आर्वी तालुक्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरणारा एक मेसेज परवा मोठ्या बाबांनी मला ऐकवला. ते अंध आहेत, फोन टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून सांगणाऱ्या सोयीवर, चालवतात. मेसेज म्हणतो: अ‍ॅप अंधांना वापरता येतं की नाही हे आता सॉफ्टवेअरच तपासतं, शंभरपैकी शंभर मिळाले की झालं, माणसं बोलावून चाचणी घेणं म्हणजे वेळ आणि पैसा वाया, तसंही खेड्यातले अंध फोन वापरत नाहीत, घरचं कुणीतरी करून देतं. ऐकवून झाल्यावर म्हणाले, "मंग मी कोन आहो रे?"

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण संताप त्याचाच आहे. २०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, त्यातले १.८६ कोटी खेड्यांत. आणि 'घरचं कुणीतरी करून देतं' म्हणजे काय, ते मी पाहिलंय. मोठे बाबा आपला पिन शेजारच्या पोराला सांगायचे. कापसाचे किती पैसे जमा झाले हे आधी त्या पोराला कळायचं, मग त्यांना. टॉकबॅक शिकले तेव्हा हे थांबलं.

आता ते शंभर गुण. शंभर मिळवलेल्या एका अ‍ॅपवर मोठे बाबा पैसे पाठवत होते, मी बाजूला बसलो होतो. ओटीपी आला. मेसेज उघडून ऐकला, सहा आकडे पुटपुटत पाठ केले, परत आले तर अ‍ॅप पहिल्या पानावर. असं तीनदा झालं. चौथ्यांदा आकडे भरले, तर पुढे टॉकबॅक बोलला, "बटण तीन". बटणाला नाव आहे, म्हणून सॉफ्टवेअर खूश. ते दाबलं की पैसे जातात की व्यवहार रद्द होतो, हे विचारणार कुणाला?

सॉफ्टवेअर अगदीच निरुपयोगी नाही, मान्य. फिके रंग, नाव नसलेली बटणं ते झटक्यात पकडतं. पण २०१७ साली ब्रिटिश सरकारच्या डिजिटल विभागाने मुद्दाम १४०हून जास्त दोष असलेलं पान बनवून त्यावर अशी बरीच साधनं चालवली, तेव्हा २९ टक्के दोष एकालाही सापडले नाहीत.

राहिला वेळ-पैशाचा मुद्दा. तो आता कुणाच्या मर्जीवर उरलेलाच नाही. केवायसीसाठी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी, 'पापणी मिटा' म्हणणाऱ्या पद्धतीमुळे अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३० एप्रिल २०२५च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. बँकांसारख्या नियमनाखालच्या संस्थांना स्पष्ट सांगितलं, की अ‍ॅप बनवताना आणि नवी सोय आणतानाही चाचणीत अंध व्यक्तींना घ्या.

मेसेज टाकणाऱ्या भाऊंनी रविवारी घरी यावं. मोठे बाबा ओसरीवरच असतात. फोन त्यांच्या हातात द्या आणि अर्धा तास मधे बोलू नका.