सायकलची चाकं बांधून घेताय? वजनाआधी रिमची आतली रुंदी बघा

रोजचं येणंजाणं, सुट्टीच्या दिवशी डांबरी रस्त्यावर लांबची राइड आणि लहर आली तर खडीच्या वाटेवरही शिरायचं, हे सगळं एकाच चाकांच्या जोडीवर ज्याला करायचंय, तो पहिला प्रश्न हमखास विचारतो: "रिमचं वजन किती?"

आधी ते गणित उरकून टाकू. दोन रिममध्ये प्रत्येकी ८० ग्रॅमचा फरक धरला, तर जोडीमागे १६० ग्रॅम. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरा, म्हणजे फरक ०.२ टक्क्यांच्याही आत. परिघावरचं वजन वेग घेताना जवळपास दुप्पट भरतं हे खरं, पण क्षुल्लक गोष्टीची दुप्पट ती किती होणार? एका लयीत सपाटीवर चालवताना तर तेवढंही जाणवत नाही. शर्यतवाल्यांनी ग्रॅम मोजावेत, त्यांचा तो धंदाच आहे.

आपल्या कामाचा आकडा बहुतेक रिमच्या स्टिकरवरच छापलेला असतो: ६२२×२१ किंवा तसंच काहीतरी. ६२२ म्हणजे टायरची कड जिथे बसते तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. ७००सी आणि २९ इंची दोन्ही टायर याच मापावर बसतात. पुढचे २१ म्हणजे रिमच्या दोन भिंतींमधली आतली रुंदी, आणि माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो. १५ मिमीच्या जुन्या अरुंद रिमवर ४० चा (म्हणजे ४० मिमी रुंद) टायर चढवला तर तो फुग्यासारखा वर फुगतो आणि कमी हवेत वळणावर कडेला लोळतो. उलट ३० मिमीच्या रिमवर २८ चा टायर चपटा होतो, भिंती उघड्या पडतात, शिवाय तो निसटण्याचा धोकाही असतो. २१ ते २३ मिमी घेतलं की २८ पासून ४५ पर्यंतचे टायर समाधानाने बसतात. तरी टायर आणि रिम दोन्ही कंपन्यांचे तक्ते बघाच. आणि हो, रिम रुंद झाली की तोच टायर थोडा रुंद भरतो, तेव्हा फ्रेममध्ये जागा किती आहे ते आधी मोजा.

हूकलेस की हूकवाली? हूक म्हणजे टायरची कड धरून ठेवायला रिमच्या भिंतीला आतून असलेला ओठ; हूकलेसला तो नसतो. सगळ्या कामांसाठी एकच जोडी असेल तर हूकवाली, डोळे झाकून. हूकलेसला हवेची मर्यादा ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय. वर टायरही हूकलेसला मान्य असलेलाच लागतो. २०२४ च्या यूएई टूर या शर्यतीत व्यावसायिक सायकलपटू थॉमस डी गेंटचा टायर रिमवरून निघाला आणि यावरून मोठं वादळ उठलं. साइडला दोन पॅनियर (सामानाच्या पिशव्या) लावून २८ च्या टायरवर निघणाऱ्या वजनदार माणसाने ही मर्यादा का पत्करावी? हूकवाली रिम ट्यूबलेस-रेडीही, म्हणजे आत ट्यूब न घालता चालणारीही, मिळते, त्यामुळे हातचं काही जात नाही.

आता तारा, म्हणजे स्पोक. २४ तारांची चाकं दिसतात झकास, पण एक तार तुटली की रिम इतकी आउट जाते की चाक फ्रेमला घासायला लागतं. ३२ मध्ये एक गेली तर ब्रेक सांभाळत घरापर्यंत येता येतं. अंगाने हलके असाल तर २८ चालतील, पुढे-मागे दोन्हीकडे. सामान लादणार असाल तर मागे ३२ च.

मागच्या चाकासाठी आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे फार कुणी बघत नाही. कॅसेटमुळे (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांच्या गठ्ठ्यामुळे) उजवीकडच्या तारा उभ्या बसतात आणि करकचून ताणाव्या लागतात. डावीकडच्या बिचाऱ्या सैल राहतात, कधीकधी निम्म्याच ताणावर. सैल तार प्रत्येक फेऱ्यात ढिली पडते, पुन्हा ताणली जाते. निपल (तारेचं टोक रिममध्ये धरून ठेवणारा छोटा नट) हळूहळू सुटत जातं आणि तार वाकते तिथेच एक दिवस तुटते. असिमेट्रिक रिममध्ये निपलची भोकं मध्यापासून दोन-तीन मिलिमीटर बाजूला असतात. एवढ्याने डावीकडचा ताण चांगलाच वाढतो. माझं ऐकाल तर कार्बनवर पैसे घालण्यापेक्षा अशी ॲल्युमिनियमची रिम घ्या. दगडावर आपटली तर ती चेपते, आणि चेपलेली कड बऱ्याचदा चालवण्याइतकी सरळ होते. तडकलेल्या कार्बनला तसं काही करता येत नाही. पन्नास मिमी खोल रिमवर आडवा वारा काय करतो, ते पुलावरून गेलेल्यांना विचारा.

रिम-ब्रेक वापरणाऱ्यांनी भिंतीवरची झिजेची खूण शोधा. नखाने चाचपून भिंत आत खोलगट लागली, तर ती रिम संपत आली. चाक नवं बांधायचंच असेल आणि फ्रेम डिस्क-ब्रेकची असेल, तर हा प्रश्नच येत नाही.

तारांची ऑर्डर मात्र रिम हातात आल्यावरच द्या. ईआरडी (तारांची टोकं रिममध्ये जिथे पोहोचतात तिथला व्यास, ज्यावरून तारेची लांबी ठरते) चार मिलिमीटरने चुकला तर प्रत्येक तार दोन मिलिमीटरने चुकते, आणि एकाच नावाच्या रिमच्या नव्या-जुन्या आवृत्तीत हा आकडा बदललेला असू शकतो. समोरासमोरच्या भोकांत दोन तारा निपलसकट अडकवून स्वतः मोजा, दोन-तीन ठिकाणी.