कालवाचक शब्दांचा सुधारित कोश, केवळ मतदारांसाठी

राजकीय बातम्या वाचून ज्यांचा रक्तदाब वाढतो, अशा वाचकांना आमचा पहिला सल्ला असा की त्यांनी औषध बदलण्याआधी आपला शब्दकोश बदलावा. शाळेत शिकलेले ‘आता’, ‘उद्या’, ‘लवकर’, ‘नंतर’ हे शब्द दुधाच्या हिशेबाला आणि परीक्षेच्या वेळापत्रकाला पुरतात. परंतु तेच अर्थ मनात धरून एखाद्या मंत्र्याचे निवेदन वाचणे म्हणजे आपण होऊन मनस्ताप ओढवून घेणे आहे. निवेदन करणाऱ्याची यात काहीही चूक नसते. त्याने शब्द अगदी जपून निवडलेला असतो, अर्थ मात्र आपण जुना लावलेला असतो. ही गैरसोय दूर व्हावी म्हणून काळाशी संबंधित काही शब्दांचे सुधारित अर्थ येथे देत आहोत. ते पाठ करावेत. त्यामागील तर्क समजून घेण्याचा हट्ट धरू नये.

प्रारंभ ‘लवकरच’ या शब्दापासून करणे भाग आहे, कारण तो आला नाही असे सरकारी भाषण अद्याप आमच्या कानावर पडलेले नाही. ज्या कामाची तारीख सांगितली असता कोणीतरी ती लक्षात ठेवण्याचा धोका असतो, त्या कामाची वेळ म्हणजे ‘लवकरच’. अभ्यासासाठी मुंबई-गोवा महामार्ग घ्यावा. त्याचे चौपदरीकरण 2011 साली सुरू झाले आणि त्या वर्षी कोकणात जन्मलेली मुले आता दहावीच्या अभ्यासाला लागली आहेत. या काळात सरकारे बदलली, मंत्री बदलले, ठेकेदारही बदलले, परंतु ‘गणपतीपूर्वी खड्डे भरले जातील’ हे वाक्य कायम राहिले. उतावळे लोक याला मोडलेले आश्वासन म्हणतात. सुजाण वाचकाने मात्र हे पाहावे की ‘गणपतीपूर्वी’ असे म्हणताना कोणत्या वर्षीच्या गणपतीपूर्वी, हे सांगितलेले नसते आणि गणपती तर दरवर्षी येतात. तेव्हा आश्वासन मोडले असे म्हणायला जागाच उरत नाही.

‘लवकरच’च्या जोडीला ‘शुभारंभ’ हा शब्द ठेवावा. काम पूर्ण झाल्याचा आनंद ते सुरू होण्याआधीच उरकून घेण्याचा दिवस, असा त्याचा अर्थ आहे. अरबी समुद्रातील शिवस्मारकाचे जलपूजन 24 डिसेंबर 2016 रोजी थाटात झाले आणि समुद्र आजही त्या पूजेच्या फळाची वाट पाहत आहे. विदर्भातील वाचकांचा या विषयातला व्यासंग अधिक जुना आहे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली, तेव्हा त्याचे अंदाजपत्रक 372 कोटी रुपयांचे होते. पुढे ते अनेक हजार कोटींच्या घरात गेले आणि 2009 साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्यामुळे जी प्रतीक्षा आधी केवळ विदर्भाची होती, ती राष्ट्रीय झाली.

यापुढचा शब्द मात्र सावकाश वाचावा, कारण त्यात कायदा आहे. तो शब्द आहे ‘वाजवी कालावधी’. निर्णय न घेण्यासाठी लागणाऱ्या वेळेला वाजवी कालावधी म्हणतात आणि निर्णय न घेणाऱ्याचे पद जितके उंच, तितका हा कालावधी अधिक वाजवी ठरतो. नोव्हेंबर 2020 मध्ये तत्कालीन आघाडी सरकारने विधान परिषदेवर नियुक्त करावयाच्या बारा सदस्यांची नावे राज्यपालांकडे पाठवली. ऑगस्ट 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय वाजवी वेळेत व्हायला हवा, आठ महिने पुरेसे होते, अशा आशयाचे मत व्यक्त केले. त्यानंतरही यादी जागची हलली नाही. हलले ते सरकार. नव्या सरकारने सप्टेंबर 2022 मध्ये ती यादीच मागे घेतली आणि अखेर 15 ऑक्टोबर 2024 रोजी, विधानसभा निवडणुकीची घोषणा ज्या दिवशी व्हायची होती त्याच दिवशी, आचारसंहिता लागण्याच्या काही तास आधी बारापैकी सात जागांवरील सदस्यांचा शपथविधी पार पडला. जवळपास चार वर्षे वाजवी म्हणून गेली आणि शेवटचे काही तास अत्यावश्यक ठरले.

आता कोणी असा समज करून घेईल की ही कला एकाच बाजूला अवगत आहे. तसे नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये विधानसभेच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, त्यानंतर आघाडी सरकार पडेपर्यंत ती खुर्ची भरली गेली नाही आणि उपाध्यक्षांवरच सभागृह चालले. राज्यपालांनी आडकाठी केली असे सरकार म्हणत होते आणि सरकारलाच आपल्या संख्याबळाचा भरवसा नाही असे विरोधक म्हणत होते. जुलै 2022 मध्ये नवे सरकार आल्यावर ती जागा काही दिवसांत भरली. याच नव्या अध्यक्षांसमोर पुढे फुटलेल्या शिवसेनेच्या दोन गटांतील आमदारांच्या अपात्रतेच्या याचिका आल्या. सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 रोजी त्यांच्यावर वाजवी वेळेत निर्णय घेण्यास सांगितले, मग मुदत घालून दिली, मग ती वाढवून दिली आणि 10 जानेवारी 2024 रोजी निर्णय आला की दोन्ही गटांतील एकही आमदार अपात्र नाही. पक्ष फुटला होता, परंतु फुटलेला आमदार कोणीच नव्हता. या निर्णयाला दिलेली आव्हाने प्रलंबित असतानाच त्या विधानसभेची मुदत संपली, त्यामुळे अपात्र ठरवायला आमदारकीच शिल्लक राहिली नाही. ‘उशिरा मिळालेला न्याय’ वगैरे वचने ज्यांना आठवत असतील, त्यांनी ती आठवू नयेत. कोश अजून संपलेला नाही.

एवढे वाचून शासनाची गती मंद असते असा निष्कर्ष काढणाऱ्यांसाठी ‘पहाट’ हा शब्द राखून ठेवला आहे. राज्यकारभार झपाट्याने होऊ शकतो याचा पुरावा मिळण्याची वेळ म्हणजे पहाट. 23 नोव्हेंबर 2019 रोजी महाराष्ट्रातील राष्ट्रपती राजवट पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी उठली आणि आठच्या सुमारास राजभवनात मुख्यमंत्री व उपमुख्यमंत्री शपथ घेऊन मोकळे झाले होते. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक न घेता पंतप्रधानांना निर्णय घेता यावा, अशी मुभा कार्यनियमावलीच्या बाराव्या नियमात आहे. ती त्या रात्री उपयोगी पडली. ते सरकार चौथ्या दिवशी राजीनाम्याने संपले, हा तपशील गौण आहे. महत्त्वाचे हे की साध्या उताऱ्यासाठी जिथे नागरिकाला ‘साहेब जेवायला गेले आहेत’ असे ऐकावे लागते, त्याच व्यवस्थेत दिल्ली ते मलबार हिल हा कागदांचा प्रवास लोकांचा चहा होण्याआधी पूर्ण होतो. तेव्हा आपले काम अडले असेल तर ते पहाटे व्हावे असा प्रयत्न करावा.

(जाता जाता एक सूचना. या लेखात आम्ही ‘घड्याळ’ हा शब्द हेतुतः टाळला आहे, कारण ते एका पक्षाचे निवडणूक चिन्ह असून 2024 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या पक्षाला असा खुलासा छापावा लागला होता की या चिन्हाचा वाद न्यायप्रविष्ट आहे. ज्या राज्यात घड्याळ कोणाचे हेच ठरायचे असते, तेथे किती वाजले असे विचारणे अप्रस्तुत होय.)

‘न्यायप्रविष्ट’चा अर्थ तेवढ्यात सांगून टाकतो. ज्या विषयावर भाषण करता येते परंतु प्रश्नाला उत्तर देता येत नाही, तो विषय न्यायप्रविष्ट असतो. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तेव्हापासून बेळगावावरील भाषणांना कधीही खंड पडलेला नाही. ‘विचाराधीन’ हा त्याचा धाकटा भाऊ. मराठीला अभिजात दर्जा मिळावा यासाठीचा अहवाल 2013 साली तयार होता, दर्जा 3 ऑक्टोबर 2024 रोजी मिळाला. दोन हजार वर्षांची भाषा असल्यामुळे अकरा वर्षे तिला जाणवली नसावीत.

‘तात्पुरता’ म्हणजे ज्याचा शेवट ठरवण्याची कोणालाही घाई नाही असा. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि तात्पुरती व्यवस्था म्हणून प्रशासक नेमण्यात आला. प्रभागरचना, आरक्षण, सरकारबदल आणि पुन्हा प्रभागरचना या क्रमाने दिवस गेले आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घ्या. नगरसेवक नसताना नळाला पाणी येत होते, यावरून काहींनी नगरसेवकांविषयी जे मत बनवले ते लोकशाहीला पोषक नाही. ते मनातच ठेवावे. प्रशासकाला प्रश्न विचारण्याची सोय नव्हती, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. ज्यांना विचारायचे होते त्यांना ‘निवडणुका योग्य वेळी होतील’ असे उत्तर मिळत असे आणि ‘योग्य वेळ’ म्हणजे जिंकण्याची खात्री वाटण्याची वेळ, हे वेगळे सांगायला नको.

महिला वाचकांनी ‘आता’ या शब्दाचा अर्थ विशेष लक्षपूर्वक वाचावा. लोकसभा आणि विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा देण्याचे विधेयक प्रथम 1996 मध्ये मांडले गेले. सप्टेंबर 2023 मध्ये ते जवळजवळ एकमताने संमत झाले आणि आता आरक्षण मिळाले म्हणून पेढे वाटले गेले. त्या 106 व्या घटनादुरुस्तीतच असे लिहिले आहे की पुढील जनगणना आणि तिच्या आधारे मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर हे आरक्षण अमलात येईल. 2021 ची जनगणना तेव्हा झालेलीच नव्हती. पेढे मात्र ताजे होते.

विशेषणांत ‘भावी’ हे सर्वांत निरुपद्रवी आहे. चौकातल्या फलकावर ज्याच्या नावाआधी ते छापले जाते, त्याने अजून काही केलेले नसते आणि म्हणूनच त्याच्याविरुद्ध तक्रारही नसते. ‘माजी’ हे विशेषण कोणीही स्वतःहून लावत नाही. 2021 साली औरंगाबादच्या एका कार्यक्रमात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी व्यासपीठावरील मंडळींचा आजी, माजी आणि भावी सहकारी असा उल्लेख केला, तेव्हा राज्यभर तर्कांना ऊत आला होता. आमच्या मते ते संपूर्ण विधानसभेचे नेमके वर्णन होते, तिथे कोणत्याही दोन सदस्यांना ते लागू पडते.

शेवटी वापराविषयी एक इशारा. हा कोश वाचण्यासाठी आहे, बोलण्यासाठी नाही. ‘मुदत’ हा शब्द नागरिकाला लागू होतो तेव्हा त्याचा जुनाच अर्थ चालतो. माहितीच्या अधिकारात 30 दिवसांत उत्तर मिळाले नाही तर अपील करावे, परंतु ते आपण मुदतीत करावे. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली वेळेत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो, तो कोणाला झालेला आपण पाहिला असल्यास आपण भाग्यवान आहात. मालमत्ता कर थकला तर मुंबईत दरमहा दोन टक्के शास्ती लागते आणि ‘भरणा विचाराधीन असून वाजवी कालावधीत लवकरच केला जाईल’ असे कळवून ती थांबत नाही. कर विभागाकडे या कोशाची प्रत अद्याप पोहोचलेली नाही.